बेगमी चार कुंड्यांची, चार बाटल्यांची

मराठीत 'बेगमी' असा एक सुरेख शब्द आहे. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असं आपण सहज म्हणतो. हा शब्द मूळचा फारसी. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. बेगमी म्हणजे निश्चिंती. फारसीतली ही निश्चिंती मराठीत आली आणि थेट कोठीच्या खोलीत जाऊन बसली. ज्याच्या घरात धान्य आहे, मीठ आहे, लोणच्याची बरणी भरलेली आहे, त्याला कसली काळजी, असा हा साधा हिशेब.

आता बेगमीची गरज कुठे उरली, असं कुणी विचारेल. कोपऱ्यावर भाजीवाला उभा आहे, घरात फ्रीज आहे. तरीही पन्नाशी ओलांडलेली पुष्कळ माणसं आज गच्चीवर, बाल्कनीत किंवा घरामागच्या चार हात जागेत भाजी लावताना दिसतात. त्याला कारणं आहेत. मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेरगावी गेलेली असतात. सकाळची डब्यांची घाई संपलेली असते. डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितलेलं असतं आणि नुसतं चालायचा कंटाळा येतो. अशा वेळी मेथीची चार रोपं माणसाला उन्हात बोलावतात. बाग लावणं तसं सोपं. कठीण प्रश्न पुढे येतो. घरात माणसं दोन आणि जानेवारीत एकदम आठ किलो टोमॅटो पिकले, तर त्यांचं करायचं काय? आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचं आहे. भाजी कशी लावावी आणि उरलेली भाजी बाटलीत कशी ठेवावी. यातली दुसरी गोष्ट जिवाशी गाठ असणारी आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलेन.

आधी बाग. फळभाजीला दिवसाचे किमान सहा तास ऊन हवं. ही अट काही केल्या टळत नाही. तुमच्या बाल्कनीत तीन-चार तासच ऊन येत असेल, तर टोमॅटो-वांग्याचा हट्ट सोडावा आणि पालक, पुदिना, अळू, कोथिंबीर लावावी. पालेभाजीला सहा इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. टोमॅटो, वांगी, मिरची यांना मात्र वीस लिटरची बादली हवी. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वच्छ धुऊन, तळाला पाच-सहा भोकं पाडली की काम भागतं. एका बादलीत टोमॅटोचं एकच रोप लावावं आणि त्याला पहिल्या दिवसापासून काठीचा आधार द्यावा.

गच्चीवर माती नेताना वजनाचा विचार करा. ओल्या मातीचं वजन एका घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलोपर्यंत जातं. म्हणून नुसती माती भरू नये. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट शिकवली. माती विकत आणायची वस्तू नाही, ती वाळक्या पानांतून, काडीकचऱ्यातून घरीच तयार करता येते. त्यांच्या विचारातून मुंबईसारख्या शहरातही गच्चीवरची शेती उभी राहिली. बादलीच्या तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला आणि स्वयंपाकघरातली भाज्यांची देठं-सालं, वर थोडी माती आणि गांडूळखत, असे थर दिले की काही आठवड्यांत पाला बसतो, काळा होतो. वजनही बेताचं राहतं.

आता वेळापत्रक. मृग लागला की, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी यांचं बी टाकावं. भेंडी साधारण दीड महिन्यात तोडायला येते आणि मग दर एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस गावाला गेलात तर ती राठ झालीच म्हणून समजा. टोमॅटोचं बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकलं, तर पंचवीस-तीस दिवसांत रोपं लावण्याजोगी होतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळं मिळतात. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात. धने पेरण्याआधी लाटण्याखाली हलके रगडून दोन भाग करावेत. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

वेलभाज्यांची एक गंमत सांगतो. भोपळ्याच्या, दोडक्याच्या वेलाला फुलं पुष्कळ येतात आणि फळ एकही धरत नाही, अशी तक्रार शहरात नेहमी ऐकू येते. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलंसं फळ असतं, नर फुलामागे नुसता देठ. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाशी फिरकली नाही, तर तिचं काम आपण करायचं. ताजं नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावायचे. लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी. तेव्हा वेळ साधावी लागते.

किडीला घाबरून विषारी औषधाची बाटली आणू नये. मावा पडला तर पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची, त्यात किंचित साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायची. मधून मधून झेंडूची रोपं लावावीत. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडू मानवत नाही.

पन्नाशीतल्या शरीराची सोयही पाहिली पाहिजे. कुंड्या जमिनीवर ठेवून रोज वाकण्यापेक्षा विटांच्या किंवा लोखंडी घडवंचीवर कमरेच्या उंचीला ठेवाव्यात. भरलेली बादली एकट्याने उचलू नये. पाणी पाच लिटरच्या झारीने, दोन खेपांत घालावं. आणि मातीत हात घालण्याआधी धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षं झाली ते आठवावं. प्रौढांनी ती दर दहा वर्षांनी घ्यायची असते. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. त्याचा एक सख्खा चुलतभाऊही मातीतच राहतो, आणि तो बाटलीतून येतो. त्याच्याकडे आता वळू.

पीक एकदम येतं, ही बागेची रीतच आहे. शेजारीपाजारी वाटून झालं, चटणी झाली, सार झालं, तरी टोपली भरलेलीच. मग माणसाला टिकवण्याची आठवण होते. अन्न नासतं म्हणजे काय होतं? आपल्याआधी जंतू, बुरशी आणि किण्वं ते खायला बसतात. त्यांना जगायला पाणी लागतं, फार आंबट नसलेली जागा लागते आणि सोसेल इतकं तापमान लागतं. यातलं एक काढून घेतलं की अन्न टिकतं. आपल्या आज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, पण हे सगळे मार्ग त्यांना ठाऊक होते. सांडगे, कुरडया, कारल्याच्या काचऱ्या, ताकातल्या मिरच्या या वाळवणात पाणी निघून जातं. लोणच्यात मीठ आणि मुरांब्यात साखर पाणी धरून ठेवते. पाणी दिसतं, पण जंतूंच्या वाट्याला येत नाही. चिंच, लिंबू, कैरी, आवळा यांचा आंबटपणा स्वतःच पहारा देतो.

या कलेत देशोदेशींचे शब्द मिसळलेले आहेत. लोणचं हा शब्द लवणातून आला. आमच्या घरातल्या दखनीत त्याला अचार म्हणतात, तो फारसीतून आला. मुरांबा अरबी मुरब्ब्यातून. लोणच्याच्या मोठ्या भांड्याला मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराच्या नावावरून. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने आपल्या प्रवासवर्णनात आलं, मिरी, लिंबू आणि आंबा मिठात घालून भरलेल्या चार मर्तबानांची नोंद केली आहे. समुद्रप्रवासाच्या शिदोरीसाठी असतं तसंच ते लोणचं होतं. म्हणजे बेगमी जहाजावरही होती.

आपल्या घरातल्या लोणच्याभोवती काही नियम असत. कोरडा हात, कोरडा चमचा, बरणीच्या तोंडाला दादरा, बरणीला आधी ऊन. हे सगळे नियम शंभर नंबरी शास्त्रीय आहेत, कारण पाण्याचा एक थेंब मिठाचं प्रमाण तेवढ्या जागी कमी करतो आणि तिथेच बुरशी धरते. पण याच्या जोडीने विटाळाचे नियमही होते. अमक्या दिवसांत बाईने बरणीला हात लावायचा नाही, तमक्याची सावली पडू द्यायची नाही. लोणचं खराब झालं की 'बाटलं' म्हणत. माणसाच्या बाबतीतही हाच शब्द वापरला जाई. बुरशीला जात कळत नाही, धर्म कळत नाही, महिन्याचे दिवस कळत नाहीत. तिला ओलावा तेवढा कळतो. जुन्या नियमांतला शास्त्राचा भाग ठेवावा आणि बाकीचा सोडून द्यावा.

उष्णतेचा मार्ग आपल्याकडे उशिरा आला. झाकणबंद बाटलीत अन्न उकळून टिकवायचं, हे तंत्र फ्रान्समधल्या निकोला आपेर नावाच्या हलवायाने शोधलं. १७९५ पासून तो या खटपटीत होता. जाड काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. सैन्याला आणि आरमाराला असं अन्न हवंच होतं. गंमत अशी, की हे का टिकतं ते आपेरला ठाऊक नव्हतं. हवा बाहेर काढल्यामुळे टिकतं, असा त्या काळचा समज. खरं कारण पुढे पन्नास वर्षांनी लुई पाश्चरच्या कामातून उलगडलं. उष्णतेने जंतू मरतात आणि बंद झाकणामुळे नवे आत येत नाहीत.

पण सगळेच जंतू उकळीने मरत नाहीत. इथे या गोष्टीत एक कवी येतो. जर्मनीतला युस्टिनुस केर्नर हा पेशाने डॉक्टर आणि मनाने कवी. त्याच्या कवितांना रॉबर्ट शुमान या संगीतकाराने चाली दिल्या आहेत. या केर्नरने १८२० च्या आसपास आपल्या भागातल्या एका विचित्र विषबाधेचा माग काढला. घरी भरलेले सॉसेज खाल्लेल्या माणसांच्या पापण्या खाली येत, एकाचे दोन दिसत, घास गिळता येत नसे, मग हातापायांतली शक्ती जाई आणि शेवटी श्वास थांबे. शुद्ध मात्र अखेरपर्यंत शाबूत. केर्नरने रोग्यांच्या नोंदी जमवल्या, विषाचा अंश स्वतः चाखून पाहिला आणि लिहिलं, की हे विष हवा नसलेल्या जागी तयार होतं. जंतू हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

१८९५ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं. पुष्कळजण आजारी पडले, तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने गुन्हेगार शोधून काढला. त्याचं आजचं नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. लॅटिनमध्ये बॉट्युलस म्हणजे सॉसेज. धनुर्वाताच्या जंतूचा चुलतभाऊ म्हटलं तो हाच. याच विषाचे अत्यंत सूक्ष्म डोस आज औषध म्हणून टोचतात आणि पन्नाशीतल्या कपाळावरच्या आठ्या घालवायलाही वापरतात. औषधाची ही कल्पनाही केर्नरने मांडून ठेवली होती.

या जंतूचं वागणं नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो मातीत असतो, म्हणून भाजीवर असतोच. ताज्या भाजीतून पोटात गेला तर मोठ्या माणसाला सहसा काही करत नाही. संकट आलं की तो बीजाणूचं कवच घालून झोपतो. हे कवच शंभर अंशाच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतं. आपण भेंडी किंवा वाटाणा बाटलीत भरून उकळतो तेव्हा त्याचे सगळे स्पर्धक मरतात, हवा निघून जाते, बाटली निवते आणि हा जागा होतो. हवा नाही, ओलावा भरपूर, खाणं भरपूर. तो वाढतो आणि विष सोडतो. चव बदलेलच असं नाही, वास येईलच असं नाही, झाकण फुगेलच असंही नाही.

त्याला दोन गोष्टी मारक आहेत. एक, १२१ अंश तापमान, जे वाफेच्या दाबाखालीच मिळतं. दुसरी, आंबटपणा. आंबटपणा मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. शून्य ते चौदा अशी ती पट्टी. सात म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी. आकडा जितका लहान तितकं आंबट. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जंतू वाढत नाही. म्हणून ४.६ ही लक्ष्मणरेषा. लिंबू, कैरी, चिंच, आवळा या रेषेच्या सुरक्षित बाजूला आहेत. भेंडी, गवार, घेवडा, वाटाणा, मका, गाजर, बीट, बटाटा, पालेभाज्या या सगळ्या पलीकडच्या, धोक्याच्या बाजूला आहेत. आणि टोमॅटो बरोबर उंबरठ्यावर बसलेला आहे. कुठला थोडा अलीकडे, कुठला थोडा पलीकडे.

यातून साधा नियम निघतो. भेंडी, गवार, वाटाणा अशा भाज्या साध्या पाण्यात घरी बाटलीबंद करायच्या नाहीत. मग कुकरमध्ये करू का, असा प्रश्न लगेच येतो. घरच्या कुकरमध्ये तापमान एकशेवीसच्या आसपास जातं, हे खरं. पण परदेशात यासाठी वेगळं मोठं भांडं असतं. त्यातली हवा आधी दहा मिनिटं बाहेर सोडतात आणि त्यावर दाब दाखवणारी तबकडी किंवा ठरावीक वजन असतं. तपासून ठरवलेल्या वेळा त्या भांड्याच्या आहेत. आपला पाच लिटरचा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो. बाटलीच्या मध्यापर्यंत किती उष्णता पोचली, हे शिट्ट्या मोजून कळत नाही. त्यापेक्षा वाटाणे दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, लगेच गार पाण्यात काढून फ्रीजरमध्ये ठेवावेत. गवार, कारली, मेथी वाळवावी. गाजर, मिरची, फ्लॉवर यांचं लोणचं घालावं.

टोमॅटो मात्र बाटलीत ठेवता येतो, आंबटपणाची खात्री करून घेतली की झालं. पद्धत सांगतो. पिकलेले, घट्ट, न डागाळलेले टोमॅटो घ्यावेत. अर्ध्या लिटरच्या बाटलीला साधारण पाऊण किलो लागतात. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट टाकले की साल तडकते. गार पाण्यात काढून साल सोलावी, देठाकडचा भाग काढावा, फोडी कराव्यात. थोड्या फोडी पातेल्यात चेचून उकळी आणावी, मग बाकीच्या घालून पाच मिनिटं उकळावं. प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालावं. किराणा दुकानात त्याला लिंबूफूल म्हणतात. घरच्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून इथे लिंबाच्या रसावर विसंबू नये. गरम बाटलीत गरम टोमॅटो भरावा, वर अर्धा इंच जागा सोडावी, कड स्वच्छ पुसावी आणि झाकण लावावं. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, तेल यातलं काहीही आत घालू नये. ते आंबटपणा कमी करतात किंवा उष्णता अडवतात. फोडणीचा दिवस बाटली उघडू तेव्हाचा.

मग खोल पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा घडी केलेलं फडकं ठेवून बाटल्या उभ्या ठेवाव्यात. पाणी झाकणाच्या वर एक इंच हवं. खळखळून उकळी आल्यावर वेळ मोजायला सुरुवात करायची. अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासून दिलेल्या वेळांनुसार अर्ध्या लिटरपर्यंतच्या बाटलीला समुद्रसपाटीजवळ ३५ मिनिटं लागतात. पण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे ४० मिनिटं. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, तिथे ४५. रत्नागिरीच्या बहिणीने सांगितलेली वेळ साताऱ्याच्या वहिनीला चालत नाही, ती अशी.

बाटल्या बाहेर काढून फडक्यावर बारा ते चोवीस तास हलवू नयेत. निवताना झाकणाचा मध्य आत ओढला जातो. बोटाने दाबल्यावर तो टक्‌ करून खालीवर झाला, तर बाटली बंद झालेली नाही. ती फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावी. बाटली जुनी चालेल, पण तडा किंवा कडेला टवका नको. झाकण मात्र दर वेळी नवं. जॅमच्या जुन्या झाकणाच्या आतला मऊ थर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा भरवशाने बसत नाही. प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावावी आणि वर्षाच्या आत ती वापरावी. उघडताना झाकण फुगलेलं, आतून पाणी उडालेलं, फेस किंवा वास असेल, तर चाखून पाहायच्या भरीस न पडता फेकून द्यावी. असं काही खाल्ल्यानंतर दिवस-दीड दिवसात दोन-दोन दिसू लागलं, जीभ जड झाली, गिळता येईना, तर एकही क्षण न दवडता रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं. याच्यावर प्रतिविष असतं, पण ते लवकर द्यावं लागतं.

तेलाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. तेलाने लोणचं टिकतं असं आपण समजतो. तेल वरची हवा अडवतं, म्हणून बुरशी धरत नाही. पण या जंतूला हवा नकोच असते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलात ठेवलेल्या लसणीमुळे तीसहून अधिक माणसांना ही बाधा झाली. आपल्या लसणीच्या लोणच्याला मीठ, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर असतं, तेच खरं संरक्षण. नुसती लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं योग्य नाही.

आता पन्नाशीतली खरी अडचण. रक्तदाब आहे, साखर आहे, आणि टिकवण्याची जुनी साधनं म्हणजे मीठ आणि साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही सगळ्या जेवणात मिळून. लोणच्यात शेकडा पंधरा मीठ धरलं, तर दहा ग्रॅमच्या फोडीतून दीड ग्रॅम मीठ पोटात जातं. म्हणून बरेच जण लोणच्यातलं मीठच कमी करतात आणि बरणी नेहमीसारखी बाहेर ठेवतात. हे चुकीचं आहे. मीठ तिथे चवीपुरतं नाही, पहाऱ्याला आहे. मुरांब्यातल्या साखरेचंही तेच. वर्षभर टिकवायचं असेल तर प्रमाण पुरतं ठेवा आणि फोड लहान घ्या. कमी मिठाचं हवं असेल तर आठवड्यापुरतं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. टोमॅटोच्या बाटलीत मीठ नसलं तरी चालतं. तिथे पहारा आम्लाचा आणि उष्णतेचा आहे, मिठाचा नाही.

म्हणून या वयातली बेगमी लहान असावी. पूर्वी वीस माणसांच्या घरात पाच शेरांची बरणी लागे आणि ती उन्हाळ्यापर्यंत संपेही. दोन माणसांच्या घरात मोठी बरणी वारंवार उघडली जाते, हवा खाते, ओला हात खाते आणि अर्ध्यावर खराब होते. पाव लिटर, अर्धा लिटरच्या बाटल्या भराव्यात. त्यांच्या मध्यापर्यंत उष्णता लवकर पोचते आणि उघडलेली बाटली आठवड्यात संपते. एका वेळी चार बाटल्या पुष्कळ झाल्या. एक आपल्याला, एक शेजारी, एक परगावच्या मुलीला आणि एक जुलैतल्या त्या संध्याकाळसाठी, जेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि बाजारात टोमॅटोचा भाव विचारवत नाही.

हे काम आजवर घरातल्या बायकांनीच केलं, न मोजता, न मिरवता. नोकरीतून मोकळं झालेल्या पुरुषांनी आता ते शिकायला हरकत नाही. बी पेरण्यापासून चिठ्ठी चिकटवण्यापर्यंत पाच महिने जातात. या वयात पाच महिने पुढचा विचार करून काही पेरावं, ही गोष्टही छोटी नाही. सप्टेंबरात बादल्या भरून ठेवा. जानेवारीत बाटल्या लागतील.